डिकीच्या बिजागऱ्या: गूजनेक, फोर-बार आणि पेटीचं तडकलेलं झाकण

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यात एकाच्या पोटात तीन प्रश्न आहेत. बोरिवलीहून राजापूरला गणपतीसाठी निघताना भजनाची पेटी डिकीत सगळ्यात वर ठेवली, झाकण दाबून लावलं आणि आतून कट्‌ असा आवाज आला. गावी पोचून बघता तर पेटीच्या वरच्या फळीला तडा. दोष त्या आत येणाऱ्या वाकड्या लोखंडी हातांचा, हे तुम्ही बरोबर ओळखलंत. आता तुम्ही विचारताय की नऊ वर्षं जुन्या सेडानचे हे हात काढून शॉकरवाली बिजागरी बसवता येईल का, नवीन गाडी घेताना कुठल्या प्रकारची बघावी, आणि हल्ली झाकण वर टिकत नाही, आपोआप खाली येतं, तेही त्यामुळेच का.

मी प्रभादेवीला २६ वर्षं बॉडीचं काम करतोय. डेंटिंग, पेंटिंग, मागून ठोकलेल्या गाड्या सरळ करणं हे रोजचं. मागून ठोकलेली गाडी म्हणजे डिकी आलीच, आणि डिकी आली की बिजागरी आली. त्यामुळे याबद्दल माझी मतं पक्की आहेत. पण ती मुंबईच्या गाड्यांवरून बनलेली आहेत. हेच नागपूरच्या कारागिराला विचारलंत तर एखाद्या ठिकाणी तो वेगळं सांगेल, आणि तोही बरोबर असेल.

आधी एक गाठ सोडवू. "शॉकरवाली बिजागरी" असा शब्द तुम्ही वापरलाय. दुकानातही असंच बोलतात, पण शॉकर आणि बिजागरी ही दोन वेगळी कामं आहेत. बिजागरी ठरवते झाकण कुठल्या वाटेनं वर जाणार. शॉकर किंवा स्प्रिंग ठरवते ते वर नेताना तुमच्या हाताला किती वजन लागणार आणि सोडल्यावर ते तिथे टिकणार की नाही. वाट एकाची, वजन दुसऱ्याचं. पेटी फुटली ती वाटेमुळे. झाकण खाली येतंय ते वजनामुळे. म्हणून एक बदललं की दुसरं आपोआप सुधारेल असं नाही. वाकड्या हाताच्या बिजागरीला गॅस शॉकर लावलेल्या गाड्याही असतात. त्यांत झाकण छान अलगद वर जातं आणि बंद करताना हात बॅगेत तसाच घुसतो.

आता वाट. सेडानच्या डिकीचं झाकण मागच्या काचेच्या खालच्या कडेपासून सुरू होतं. तिथे घराच्या दारासारखी साधी बिजागरी बाहेरून लावली तर ती दिसते आणि तिथून पाणी शिरतं. म्हणून फिरण्याची पिन आत नेतात, मागच्या सीटच्या पाठीमागे, जिथे स्पीकर असतात त्या फळीखाली. पिन आत आणि झाकण बाहेर, मधे डिकीच्या तोंडाची कड आणि तिच्यावरचं रबर. झाकण उघडताना हाताला त्या कडेला वळसा घालून जावं लागतं, म्हणून तो हंसाच्या मानेसारखा वाकवलेला असतो. त्यालाच गूजनेक म्हणतात. आमच्याकडची पोरं नुसतं "आर्म" म्हणतात. झाकण उघडं असताना हा वाक बाहेर असतो आणि निरुपद्रवी दिसतो. बंद करताना तोच वाक डिकीत उतरतो. म्हणूनच सामान भरताना कुणाच्या लक्षात येत नाही. तुम्ही भरताना जी जागा रिकामी दिसते, ती झाकण लावल्यावर रिकामी राहणार नसते.

गूजनेकला एका बाजूला एकच पिन. दोन्ही बाजू मिळून दोन. त्यात बिघडण्यासारखं फार काही नाही, आणि हेच त्याचं सगळ्यात मोठं बळ.

दुसरा प्रकार फोर-बार. यात प्रत्येक बाजूला दोन पट्ट्या असतात, लांबीला किंचित कमी-जास्त. दोन्हींची खालची टोकं गाडीच्या पत्र्याला, वरची टोकं झाकणाला. म्हणजे एका बाजूला चार सांधे. झाकण एका ठरलेल्या बिंदूभोवती गोल फिरत नाही. आधी थोडं उचललं जातं आणि मग मागे कलतं. बंद झालं की पट्ट्या एकमेकींवर घडी होऊन डिकीच्या तोंडाच्या कडेला, पाणी वाहून जायची जी पन्हळ असते, तिच्यात बसतात. सामानाच्या जागेत काहीच उतरत नाही. टाटाच्या टिगॉरमध्ये हा प्रकार आहे, सोबत दोन बाजूंना गॅस शॉकर. चार मीटरच्या आतली गाडी, पण डिकी भरताना कुठे काय अडेल याचा विचार करावा लागत नाही. मला ती मांडणी आवडते, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी गूजनेकची बाजू घेणार आहे.

पट्ट्या पन्हळीत बसतात हे वाक्य पुन्हा वाचा. पन्हळ रबराच्या बाहेर असते. गूजनेकची पिन रबराच्या आत, कोरड्या जागी. फोर-बारचे आठ सांधे रबराबाहेर, जिथे पाऊस, धूळ आणि झाडाचा पाला सगळं येऊन साचतं. मुंबईत पावसाच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाणी पडतं, आणि उरलेल्या आठ महिन्यांत खारी हवा. गाडी शिवाजी पार्क, वरळी, वर्सोवा अशा ठिकाणी उघड्यावर उभी असेल तर पन्हळीत जमलेल्या मातीला मीठ धरतं. ती माती पावसाळा संपल्यावरही आतून ओली राहते. पाच-सहा वर्षांच्या अशा गाड्यांत फोर-बारचे सांधे करकरायला लागलेले मी बघितलेत. करकर ही सुरुवात. पुढे पिन झिजते, बुश म्हणजे पिनेभोवतीची नळी ढिली होते. एका सांध्यात पाव मिलिमीटर खेळ आला तरी झाकणाच्या लॉककडच्या टोकाला तो दोन-तीन मिलिमीटर होऊन दिसतो, कारण मधे हातभर लांबी आहे. मग लॉक नीट जुळत नाही, झाकण आपटावं लागतं, आणि आपटून आपटून सांधे आणखी ढिले होतात.

गूजनेकची पिन झिजून बदलावी लागली असं माझ्या २६ वर्षांत अगदी बोटांवर मोजण्याइतक्या वेळा झालंय. पत्रा कुजला, इंजिन उतरलं, गाडी भंगारात गेली आणि गूजनेक तसाच. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुने सुटे भाग घ्यायला जातो तेव्हा १५-१५ वर्षं जुन्या गाड्यांचे गूजनेक हातात घेऊन फिरवून बघतो. अजून लोण्यासारखे फिरतात.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर: तुमच्या गाडीचे हात काढून फोर-बार बसवू नका. कुणी करून देतो म्हणाला तरी नको. कारण झाकणाच्या आतल्या बाजूला जिथे बिजागरीचे बोल्ट येतात तिथे कारखान्यातच जाड पत्र्याचं अस्तर दिलेलं असतं. फोर-बारचे बोल्ट दुसऱ्या ठिकाणी येणार, तिथे अस्तर नाही. पन्हळीची रुंदीही तुमच्या गाडीत पट्ट्या मावतील अशी नाही. म्हणजे वेल्डिंग आलं, आणि रबराच्या कडेला वेल्डिंग म्हणजे पुढच्या पावसात तिथे गंज. असं रूपांतर केलेली एक गाडी दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आली होती. काम कुठून केलं ते सांगत नाही. झाकण डावीकडे चार मिलिमीटर खाली बसलेलं, आणि स्टेपनीच्या खड्ड्यात बोटभर पाणी. मालकाला वाटत होतं मागची काच गळतेय.

आता झाकण खाली येण्याचं बघू, कारण ते सोपं आहे आणि लगेच सुटेल.

तुमच्या गाडीत बहुधा टोर्शन रॉड असणार. डिकीत डोकं घालून वर, स्पीकरच्या फळीखाली बघा. बोटापेक्षा बारीक असे दोन पोलादी रॉड डावीकडून उजवीकडे गेलेले दिसतील, मधे एकमेकांना ओलांडून. प्रत्येक रॉडचं एक टोक एका बाजूच्या पत्र्यात अडकवलेलं आणि दुसरं टोक समोरच्या बाजूच्या बिजागरीला रेटा देत. झाकण बंद केलं की रॉड पिळला जातो, उघडलं की पीळ सुटतो आणि झाकण वर ढकलतो. गॅस नाही, तेल नाही, गळायला काही नाही. असा रॉड सहसा थकत नाही. म्हणून जेव्हा कुणी सांगतं की नऊ वर्षांनी झाकण जड झालं, तेव्हा मी आधी विचारतो, झाकणावर काही लावलंय का?

तुम्ही लिहिलंय की तीन वर्षांपूर्वी स्पॉयलर, म्हणजे झाकणाच्या कडेवरची ती पंखासारखी पट्टी, बसवला. मग हिशोब करू. समजा झाकण १२ किलोचं आहे आणि त्याचा तोल पिनेपासून ३५ सेंटिमीटरवर आहे. १२ गुणिले ३५, म्हणजे ४२०. स्पॉयलर फक्त दोन किलोचा, पण तो बसतो झाकणाच्या पार टोकाला, पिनेपासून ७० सेंटिमीटरवर. दोन गुणिले ७०, म्हणजे १४०. वजन वाढलं सहावा हिस्सा, पण पिनेवरचा जोर वाढला तिसरा हिस्सा. लहान मूल सीसॉच्या टोकाला बसलं की मधल्या टेकूजवळ बसलेल्या मोठ्या माणसालाही उचलतं, तोच प्रकार. कारखान्याने रॉड ४२० साठी पिळलाय, तुम्ही त्याच्याकडून ५६० मागताय. आकडे मी समजुतीसाठी धरलेत, तुमच्या गाडीचे थोडे इकडे-तिकडे असतील, पण प्रमाण असंच राहतं.

बऱ्याच गाड्यांत रॉडचं अडकवायचं टोक ज्या पट्टीत बसतं तिला दोन-तीन खाचा असतात. टोक पुढच्या खाचेत नेलं की पीळ वाढतो आणि झाकण पुन्हा टिकतं. काम १५ मिनिटांचं. पण ते तुम्ही घरी करू नका, मी हे अगदी मनापासून सांगतोय. झाकण उघडं असतानाही रॉडमध्ये बराच पीळ शिल्लक असतो. आमच्याकडे एका पोराने स्क्रू-ड्रायव्हरने टोक उचकटायचा प्रयत्न केला. टोक सुटलं, स्क्रू-ड्रायव्हर भिरकावला गेला आणि त्याच्या भुवईवर आदळला. चार टाके पडले. दोन इंच खाली असता तर डोळा गेला असता. त्या दिवसापासून गॅरेजमध्ये रॉडला हात लावायचा तर लांब पाइप टोकावर चढवून, तोंड बाजूला ठेवून आणि दुसऱ्या माणसाने झाकण धरूनच, असा नियम आहे.

खाच शिल्लक नसेल तर स्पॉयलर काढा. दिसायला कमी होईल, पण झाकण तुमच्या आईच्या डोक्यावर येणार नाही. घरातली म्हातारी माणसं डिकीत वाकून सामान शोधतात आणि नेमकं तेव्हाच ते येतं.

गॅस शॉकर असलेल्यांसाठी थोडं, कारण नवीन गाडीत कदाचित तेच येतील. नळीत नायट्रोजन दाबून भरलेला असतो आणि थोडं तेल. नळीवर तिच्या जोराचा आकडा न्यूटनमध्ये छापलेला असतो. शॉकर पिनेच्या अगदी जवळ लावलेला असतो, समजा दहा सेंटिमीटरवर, म्हणून त्याला झाकणाच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त जोर द्यावा लागतो. वरच्या हिशोबात ४२० भागिले १०, म्हणजे ४२ किलोचा रेटा, साधारण ४१० न्यूटन. दोन शॉकरमध्ये वाटला तर प्रत्येकी २०५, आणि टिकून राहायला त्याहून थोडा वर. म्हणून बदलताना लांबी आणि तो छापलेला आकडा दोन्ही जुळले पाहिजेत. "जरा स्ट्राँग टाकून दे" असं सांगणारे खूप येतात. जास्त जोराचा शॉकर झाकण बंद असताना रात्रंदिवस बिजागरीपाशी पत्रा वर रेटत राहतो. वर्षभरात मागच्या काचेकडची गॅप रुंद दिसायला लागते. आणि एकच बदलू नका, जोडीने बदला. एक ताजा आणि एक थकलेला असला की झाकण तिरपं उचललं जातं आणि पीळ बिजागरीवर येतो.

शॉकर थंडीत मऊ पडतो. गॅसचा दाब तापमानाबरोबर कमी-जास्त होतो. ३५ अंशांवरून पाच अंशांवर आलात की सुमारे दहा टक्के जोर जातो. मुंबईत एवढा फरक पडत नाही, त्यामुळे थकलेला शॉकर इथे कसाबसा निभावून नेतो, आणि डिसेंबरात महाबळेश्वरला पहाटे डिकी उघडली की झाकण हातावर येतं. परत आल्यावर लोक म्हणतात घाटात काहीतरी झालं. घाटात काही झालेलं नसतं. मुंबईतला शॉकरचा खरा शत्रू मीठ. चकचकीत दांड्यावर गंजाचे बारीक ठिपके पडतात, तो खरखरीत दांडा आत-बाहेर करताना सील कापतो, तेल बाहेर येतं आणि मागोमाग गॅस. दांड्यावरून नख फिरवा. खरखर लागली तर त्याचे दिवस भरलेत. नवा बसवताना बंद झाकणात दांडा खालच्या दिशेला राहील असा बसवायचा, म्हणजे तेल सीलवर राहतं. हे माहीत असूनही घाईत उलटे बसवलेले किती तरी बघतो.

हॅचबॅकबद्दल फार लिहीत नाही. छताच्या मागच्या कडेला दोन छोट्या साध्या बिजागऱ्या, एकेक पिन, सामानाच्या जागेत काही नाही, वजन शॉकरवर. पेटी फुटायचा प्रश्नच मिटतो. पण बिजागरी छतावर असल्याने बोल्टभोवतीचा रंग तडकला तर पाणी थेट छताच्या अस्तरात उतरतं. आणि मुंबईत अजून एक अडचण म्हणजे आपलं पार्किंग. हॅचचं दार उंचही जातं आणि मागेही येतं. सोसायटीत लोखंडी सांगाड्याचं दोन मजली पार्किंग असेल तर दार वरच्या प्लॅटफॉर्मच्या पट्टीला आपटतं. अशा ओरखड्याची महिन्याला एक तरी गाडी माझ्याकडे येते. जिम्नी किंवा तीन दारांच्या थारसारखं बाजूला उघडणारं मागचं दार तर मागे भिंत असेल तर अर्धंच उघडतं, आणि त्यावर स्टेपनी लटकलेली असल्याने बिजागरीवर कायमचं वजन. वापर तसा असेल तर जरूर घ्या, पण गणपतीचं सामान भरायला घेणार असाल तर आधी स्वतःच्या पार्किंगमध्ये दार किती उघडतं ते मोजा.

तर नवीन सेडान घेताना काय बघायचं? डिकी किती लिटर हे आधी बघू नका. होंडा सिटीची ५०६, स्लाव्हिया आणि व्हर्टसची ५२१, व्हर्नाची ५२८, असे आकडे पाठ करून लोक येतात. लिटर मोजायची रूढ जर्मन पद्धत म्हणजे २०० बाय १०० बाय ५० मिलिमीटरचे, बरोबर एकेक लिटरचे ठोकळे डिकीत रचत जायचे आणि मोजायचे. ठोकळे विटेपेक्षाही लहान. ते हाताच्या आजूबाजूला, कोपऱ्यात, खळग्यात सगळीकडे मावतात. पेटी अशी तुकडे करून ठेवता येत नाही. म्हणून वीस लिटर कमी-जास्त याला माझ्या लेखी अर्थ नाही. तोंड किती रुंद, ओठ म्हणजे तोंडाची खालची कड किती उंच आणि हात कुठे उतरतात, हे बघा.

गूजनेक-गूजनेकमध्येही फरक असतो, आणि मला वाटतं तुमच्यासाठी सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. काही गाड्यांत हात अगदी बाजूच्या भिंतीला चिकटून उतरतात आणि प्लॅस्टिकच्या अस्तरात त्यांच्यासाठी वेगळी खोबण दिलेली असते. बॅग त्या खोबणीत जाऊच शकत नाही, म्हणून चिरडली जाण्याचा प्रश्न नाही. काहींत हाताला प्लॅस्टिकचं आवरण असतं. हात लागतो पण धार लागत नाही. आणि काहींत उघडा, रंगवलेला लोखंडी हात भिंतीपासून वीतभर आत उतरतो. तुमची सध्याची गाडी यातली. तिन्हींना कागदावर गूजनेकच म्हणतात.

शोरूममध्ये हे कळायला मागची सीट पाडा, विक्रेत्याला बाहेरून झाकण लावायला सांगा आणि मोबाइलचा टॉर्च लावून सीटवरून आत बघा. हात किती खाली येतो, भिंतीपासून किती आत, सगळं डोळ्यांनी दिसतं. सीट पडत नसेल तर कणीक न्या. खरंच. मी ग्राहकांना हेच करून दाखवतो. लिंबाएवढे चार-पाच गोळे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आपल्या बॅगेच्या वरच्या बाजूला, कोपऱ्यांवर आणि मधे ठेवायचे, झाकण हळू लावायचं, पुन्हा उघडायचं. जो गोळा जसाच्या तसा राहिला तिथे जागा आहे. जो चपटा झाला त्याची जाडी बघा, तेवढंच अंतर उरतं. जो पापडासारखा झाला तिथे उद्या पेटी असेल. मागे एका बाईंनी तबल्याच्या डग्ग्यासाठी असं करून बघितलं. डावीकडचा गोळा जसाच्या तसा आणि उजवीकडचा सपाट, कारण त्यांच्या गाडीचं झाकण एकदा ठोकलं गेलं होतं आणि उजवा हात कुणीतरी लाकडाचा ठोकळा घालून वाकवून "सरळ" केला होता. गाडी सेकंडहँड घेतली होती. त्यांना ठाऊकच नव्हतं.

जुनी गाडी घेणार असाल तर बिजागरीचे बोल्ट नक्की बघा. कारखान्यात बहुतेक वेळा बिजागरी लावून मग गाडी रंगते, म्हणून बोल्टच्या डोक्यावर सलग रंग असतो. त्या रंगाला पान्याच्या खुणा असतील, कडा सोललेल्या असतील, तर झाकण कधीतरी उतरवलंय. का उतरवलं ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

सीएनजीचा विचार असेल तर गणित पुन्हा बदलतं. ६० लिटरची टाकी सीटच्या पाठीला लागून आडवी बसते, म्हणजे नेमकी गूजनेकचे हात उतरतात त्या भागात. ती जागा तशीही गेलेली असते, त्यामुळे अशा गाडीत फोर-बारचा फायदा जवळजवळ संपतो. फक्त बाहेरून किट बसवून घेताना टाकी, तिचे पट्टे आणि व्हॉल्व्ह हाताच्या वाटेपासून किमान दोन बोटं लांब आहेत ना, हे झाकण हळूहळू खाली आणत स्वतः बघा. टाटाने २०२३ पासून एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसवायला सुरुवात केली. तिथे वरची जागा मोकळी राहते, आणि टिगॉरमध्ये हात आत उतरत नसल्याने ती खरोखर वापरता येते. सीएनजी हवाच आणि दरवर्षी गावी सामानही न्यायचं, अशा माणसाला मी तीच मांडणी सुचवेन, पन्हळ साफ ठेवायची तयारी असेल तर.

ती तयारी म्हणजे काय, तर पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पन्हळीतला पाला हाताने काढायचा, साध्या पाण्याने धुवायचं, कोरडं करायचं, आणि प्रत्येक सांध्यावर पांढरं लिथियम ग्रीस थोडंसं. गंज सोडवायचा पातळ स्प्रे मारून थांबू नका. तो घाण सोडवतो आणि उडून जातो, मागे वंगण राहत नाही. भरतीच्या वेळी मरीन ड्राइव्हला लाटांचे तुषार गाडीवर आले असतील तर त्याच दिवशी धुवा.

अजून एक, कारण यावर लोक फुकट पैसे घालवतात. झाकणात जाणाऱ्या वायरी बिजागरीच्या हाताबरोबर जातात आणि प्रत्येक वेळी त्याच ठिकाणी वाकतात. आठ-दहा वर्षांत आतली तांब्याची तार तुटते, वरचं प्लॅस्टिक शाबूत राहतं. रिव्हर्स कॅमेरा मधेच बंद पडतो, नंबर प्लेटचा दिवा लागत नाही, डिकीचं बटण कधी चालतं कधी नाही. लोक कॅमेरा बदलतात, लॉक बदलतात. आधी हाताच्या वाकापाशी वायरींचा जुडगा बोटांनी हलवून बघा.

आता तुमच्या पेटीचं. यंदा हीच गाडी नेणार असाल तर हातांना दोष देत बसण्यापेक्षा पेटी मधे ठेवा. दोन हातांच्या मधली जागा तीन फुटांच्या आसपास असते आणि पेटी साधारण दोन फूट लांब. लोकांची सवय अशी की मोठ्या बॅगा मधे ठेवायच्या आणि लहान कडक वस्तू कडेला खोचायच्या, आणि हात उतरतात ते नेमके कडेला. उलट करा. पेटी तळाला, मधोमध, खाली गोधडी. कडेला कपड्यांच्या मऊ पिशव्या, ज्या दबल्या तरी चालतात. तांदळाचं पोतं पेटीवर येऊ देऊ नका. झाकण शेवटची वीतभर आपटून न लावता तळहाताने दाबून लावा. मधेच काही अडलं तर हाताला लगेच कळतं, आपटलं तर कळत नाही.

कणकेचा प्रयोग या रविवारी करा, निघायच्या सकाळी नको. झाकण उघडं ठेवून टोर्शन रॉडची टोकं जिथे अडकतात तिथला एक फोटो पाठवा, आणि स्पॉयलर घरच्या वजनकाट्यावर किती भरतो तेही कळवा. खाच शिल्लक असेल तर दिसेल, आणि मग पुढच्या खाचेत टोक नेऊन भागेल की स्पॉयलरच काढावा लागेल ते मी नक्की सांगू शकेन.